आरशापुढं : पोनीचे रंग अन् तान्हा पोळा

आर्वी तालुक्यात २१ वर्षं पार्लर चालवणाऱ्या ताई या पानावर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. वय ३६, रंग सावळा. घरी कापूस-सोयाबीनची सहा एकर कास्तकारी. माझी भाची पुण्याला नोकरीला आहे. राखीला आली तेव्हा तिनं मला आयशॅडोची पेटी दिली. आत बारा रंग, झाकणावर रंगीत केसांच्या घोड्याचं चित्र. माय लिटिल पोनी. पेटी उघडली अन् मला रडूच आलं. मी तिसरीत असताना उन्हाळ्यात नागपूरला मामाकडं गेले होते. शेजारच्या मुलीजवळ अस्साच गुलाबी घोडा होता, जांभळ्या केसांचा. तिच्या आईनं मला एकदा त्याचे केस विंचरू दिले अन् मग घोडा काचेच्या कपाटात ठेवून दिला. हे मी भाचीला कधीतरी बोलले होते, पोरीनं लक्षात ठेवलं.

परवा दुपारी सगळे वावरात गेल्यावर लावून पाहिलं. गुलाबी रंग राख फासल्यासारखा दिसला. पिवळा दिसलाच नाही. हिरवा पार भुवईपर्यंत पसरला. तेवढ्यात सासूबाई आल्या अन् म्हणाल्या, "काय वं, पोळ्याचा बैल रंगवला काय?" मी लगेच तोंड धुतलं. आता तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंद्यांचा पोळा, येतो आहे. आठ वर्षांच्या लेकीला तिचा नंदी घेऊन मारुतीच्या देवळापुढं न्यायचं आहे. त्या दिवशी हे रंग लावावेत असं फार मनात आहे. माझ्या वयाला, माझ्या रंगाला ते शोभतील का? की पेटी लेकीलाच देऊन टाकू?
— एक भगिनी, जि. वर्धा

उत्तर : पेटी लेकीला देऊ नका. ती तुमची आहे. भाचीनं ती तुमच्यातल्या तिसरीतल्या पोरीसाठी आणली आहे अन् ती पोर अजून कपाटापुढं उभी आहे. लेकीचं काय करायचं ते पुढं सांगते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला आमचं अंगण दिसलं. माझे बाबा वाढई होते. नागपंचमी झाली की आमच्या अंगणात लाकडी नंद्यांची रांग लागायची. वर्षभराच्या दारं-खिडक्यांतून उरलेले सागाचे तुकडे बाबा त्यासाठीच जपून ठेवायचे. वीतभर उंचीचे नंदी गावातल्या पोरांसाठी, हातभर उंचीचे दोन-तीन मालदार घरांसाठी. अंग कोरून, पाय बसवून, खाली चाकं लावून झाली की रंगवायचं काम आई अन् मी करत होतो.

मी नववीत असताना पोळ्याच्या आधी झड लागली. तीन दिवस पाऊस थांबला नाही, काही वाळेना. गिऱ्हाईक तर दारात. मी घाईनं कोऱ्या लाकडावरच गुलाबी रंग मारला. सकाळी पाहते तर नंदी भाजलेल्या विटेसारखा मळकट. बाबा रागावले नाहीत. त्यांनी टिनाच्या डब्यात सरस वितळवला, त्यात खडूची पूड कालवली अन् ब्रश माझ्या हातात दिला. म्हणाले, "लाकूड रंग पिते, बेटा. आधी पांढऱ्यानं त्याचं पोट भर, मग वरून काय लावायचं ते लाव." पांढऱ्याचे दोन हात मारले अन् त्यावर तोच डब्बीतला गुलाबी लावला, तर नंदी असा उठून दिसला की आईनं कामधाम सोडून पाहिला. त्या सरसाचा उग्र वास मला अजून आठवतो.

ताई, तुमच्या पापणीवर झालं ते हेच. अशा पेट्यांतल्या फिक्या रंगांत, म्हणजे फिका गुलाबी, फिका पिवळा, पुदिन्यासारखा हिरवा यांत, रंगाचा भाग थोडा अन् पांढऱ्या पुडीचा भाग जास्त असतो. ती पांढरी पूड बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइडची असते. गोऱ्या कातडीवर थोडासा रंगही दिसतो, कारण खालची पाटी आधीच फिकी असते. आपल्या सावळ्या पापणीवर तो थोडासा रंग कातडीत मिसळून जातो अन् वर पांढरट पूड तेवढी उरते. तीच तुम्हाला राख वाटली. कातडीचा यात काही दोष नाही. या पेट्या बनवणाऱ्यांनी डोळ्यापुढं दुसरी पाटी ठेवली होती, एवढंच. आपण पांढऱ्याचा हात मारायचा अन् पुढं जायचं.

अशीच एक पेटी माझ्याकडच्या एका गिऱ्हाइकाची सून हैदराबादहून घेऊन आली होती. तीही खेळण्यावरचीच, तेच घोडे, फक्त रंग नऊ. तुमचं पत्र आलं तेव्हा मी ती मागून घेतली अन् पार्लर बंद असतं त्या सोमवारी दुपारभर घेऊन बसले. आधी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तीन-तीन पट्टे ओढले : एक कोरड्या कातडीवर, एक माझ्या रंगाच्या कन्सीलरवर (डाग झाकायचा, कातडीच्या रंगाचा लेप), एक जाड पांढऱ्या आय पेन्सिलवर. पिवळा कोरड्या कातडीवर मलाही सापडला नाही. कन्सीलरवर हळदीचं बोट लागल्यासारखा वाटला. पांढऱ्या पेन्सिलवर मात्र शेवंतीच्या पाकळीसारखा फुलला. गुलाबीचं उलटं झालं. पांढऱ्यावर तो भडक, प्लास्टिकच्या बाहुलीच्या गालासारखा, अन् कन्सीलरवर गुलबक्षीच्या फुलासारखा. जांभळ्याला अन् मोरपंखीला काहीच लागलं नाही. ते आपल्या कातडीवर आहेत तसेच सुंदर दिसतात, किंबहुना गोऱ्या कातडीपेक्षा जास्त, कारण त्यांना खालून ऊब मिळते. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. गेल्या २१ वर्षांत शेकडो नवऱ्या सजवताना हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग डोळ्यांना लावलं अन् मुद्दाम पंखा बंद करून बसले. पोळ्याच्या दिवसांत आपल्याकडं पाऊस अन् उकाडा दोन्ही असतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. जिथं मी पेन्सिल जाड ओढली होती तिथं तासाभरात पापणीच्या घडीत रंगाची रेघ जमली. जिथं पातळ लावून वरून पावडरचा हलका हात फिरवला होता तिथं चार वाजेपर्यंत काही हललं नाही.

तेव्हा असं करा. सकाळी तोंड धुऊन कोरडं करा, पापणीला तेल-क्रीम लावू नका. कन्सीलर तांदळाएवढा घ्या, दोन्ही पापण्यांना तेवढाच पुरतो. बोटानं थोपटा, ओढू नका. कन्सीलर नसेल तर पांढरी पेन्सिल चालेल, पण ती बोटावर घासून बोटानं लावा, म्हणजे जाड बसणार नाही. वरून साधी पावडर अगदी थोडी. मग रंग. पेटीतला तो स्पंजचा छोटा दांडा बाजूला ठेवा, तो रंग उडवतो. अनामिकेच्या टोकावर रंग घ्या, पेटीच्या काठावर झटका अन् पापणीवर दाबून बसवा. हिरवा भुवईपर्यंत गेला असं लिहिलंत, तो घासण्यामुळं गेला. डोळा उघडा ठेवून आरशात पाहा, पापणीची घडी जिथं दिसते तिथं थांबा. शेवटी काजळ खालच्या कडेला. काजळाशिवाय हे रंग उघडे वाटतात, अन् आपल्या बायकांचा चेहरा काजळानं घरचा वाटतो.

बाराच्या बारा रंग एका दिवशी लावू नका. दोन घ्या. पापणीवर जांभळा, आतल्या कोपऱ्यात गुलाबीचा एक ठिपका. तुमचा मामाच्या शेजारचा घोडा गुलाबी अंगाचा अन् जांभळ्या केसांचा होता ना? मग तेच दोन.

या घोड्यांची थोडी माहितीही द्यावीशी वाटते, कारण मलाही ती उशिरा कळली. बॉनी झेकर्ली या अमेरिकन चित्रकर्तीची ती कल्पना. हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं १९८१ मध्ये आधी एक मोठा, कडक प्लास्टिकचा घोडा काढला, मग १९८३ मध्ये लहान, मऊ, रंगीबेरंगी घोडे आणले. त्यांचे केस विंचरता यायचे, अन् पोरींना वेड लागलं ते त्या केसांचं. त्या पोरी आज तुमच्या-माझ्या वयाच्या झाल्या. म्हणून तर पोनी, बार्बी, केअर बेअर्स नावाची रंगीत अस्वलं यांच्यावर बेतलेल्या मेकअपच्या पेट्या निघतात अन् चाळिशीतल्या बायका त्या घेतात. तिकडच्या बाईला हे रंग लावताना जे वाटतं तेच तुम्हाला वाटलं, मग ते वयाला शोभतं की नाही हा प्रश्न तिला पडत नाही तर तुम्हाला तरी का पडावा? तुम्ही आणखी थोड्या दुरून पाहिलं होतं, एवढाच फरक.

आता सासूबाईंचं. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. पण मी वाढ्याची पोर, मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं. बैल आपण कसा रंगवतो ते आठवा. आदल्या संध्याकाळी तूप-हळदीनं त्याची खांद शेकतो. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" असं त्याच्या कानाशी सांगतो. सकाळी नदीवर धुतो, शिंगं घासून रंगवतो, बेगड चिकटवतो, झूल घालतो. तोरणाखाली उभा केला की गावची शहाणी माणसं त्याच्यापुढं झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत अन् घरधनीण त्याला ओवाळून पुरणपोळी चारते. वर्षभर राबणाऱ्या जिवाला रंग लावायचा दिवस आहे तो. तुम्हीही निंदणाला, वेचणीला राबता. सासूबाई रागानं बोलल्या की गमतीनं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. पण माझं ऐकाल तर लपून लावू नका. त्यांच्या समोर पेटी उघडा अन् विचारा, "आत्या, तुमच्या माहेरच्या बैलांची शिंगं कोणत्या रंगानं रंगवत होते?" जो रंग सांगतील त्याचा एक ठिपका त्यांच्या हाताच्या पाठीवर लावा. माझ्या पार्लरमध्ये सासू-सून बरोबर आल्या की मी आधी सासूच्या हाताला रंग लावते. अजून एकीनंही हात ओढून घेतलेला नाही.

आता एक जपण्यासारखी गोष्ट. पेटी उलटी करा अन् मागचं बारीक अक्षर वाचा, वाचता येत नसेल तर फोटो काढून मोठा करून पाहा. अशा भडक पेट्यांतल्या काही रंगांखाली, विशेषतः झगझगीत गुलाबी, नारिंगी अन् जांभळ्याखाली, "नॉट इंटेंडेड फॉर आय एरिया" असं छापलेलं असतं. म्हणजे दिसायला आयशॅडो असला तरी तो डोळ्याजवळ लावायचा नाही. अमेरिकेत डोळ्यांजवळ कोणती रंगद्रव्यं चालतात याची यादी ठरलेली आहे, त्यात न बसणाऱ्या रंगांवर कंपन्या असं लिहितात. तो रंग गालावर थोडा वापरा किंवा सोडून द्या. तुमचा जांभळा त्यातला निघाला तर मोरपंखी घ्या, तो घोडाही त्या कळपात असेलच. अन् लावण्याच्या आदल्या दिवशी रंगाचा ठिपका कानामागं लावून रात्रभर ठेवा. खाज आली, लाल झालं तर तो रंग आपला नाही.

हे मी इतकं सांगते त्याला कारण आहे. २०१४ मध्ये एका नवरीच्या पापण्यांवर मी चमकी लावली. ती मेकअपची नव्हती, शाळेच्या वस्तू विकणाऱ्या दुकानातली होती, ग्रीटिंगवर चिकटवतात तसली. मला वाटलं चमकी ती चमकी. वरमाला पडायच्या आधीच पोरीचा डावा डोळा लाल झाला, पाणी थांबेना. डॉक्टरांनी डोळा धुऊन कण काढले अन् सांगितलं, बुबुळाला ओरखडा आहे. तिच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती डोळा मिटून आहे. मी तिच्या आईच्या पाया पडले, पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतं? ती चमकी म्हणजे धारदार प्लास्टिकचे तुकडे असतात. पेटीत चमकीचा खण असेल तर बोट किंचित ओलं करून दाबून लावा, पापणीच्या मध्यावर, केसांच्या कडेपासून दूर. आपली पोळ्याची बेगड तर डोळ्याजवळ नेऊच नका.

लेकीसाठी : आठ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांना यातलं काही नको. तिची कातडी पातळ असते अन् पोरं डोळे चोळतात. पण तिला रिकामी ठेवू नका, नाहीतर तीही कपाटापुढं उभी राहील. नंदी रंगवताना तिला बसवा. पांढऱ्याचा हात तिच्याकडून मारून घ्या, वर कोणता रंग द्यायचा ते तिला ठरवू द्या, मग तुमच्या पापणीवर तोच रंग. दोघी बोजारा, म्हणजे पोरांना घरोघरी मिळणारा खाऊ-पैसा, मागायला निघालात की नंदी अन् माय एका रंगाच्या दिसतील. रात्री रंग काढताना कापसाला खोबरेल तेल लावून मिटलेल्या पापणीवर ठेवा, दहापर्यंत मोजा, मग पुसा. घासून धुऊ नका, परवा केलंत तसं.

प्रश्न : आमच्या इथल्या जत्रेत अशीच घोड्याच्या चित्राची पेटी १५० रुपयांना मिळते. मैत्रिणी घेत आहेत. घेऊ का?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर : चित्रावर जाऊ नकोस, मागची बाजू पाहा. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणं पेटीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, कशाकशापासून बनवलं ते, अन् कधीपर्यंत वापरायचं ते छापलेलं हवं. बाहेरून आणून इथं विकायची असेल तर आयात करणाऱ्याचं नाव अन् नोंदणी क्रमांकही हवा. जत्रेतल्या पेटीवर यातलं बहुतेक काहीच नसतं, चित्र तेवढं हुबेहूब असतं. मीही सुरुवातीला शहरातल्या एका ठोक दुकानातून अशा बारा पेट्या आणल्या होत्या. निळा रंग पापणीवरून दोन दिवस निघाला नाही. अकरा पेट्या मी चुलीत नाही, खड्ड्यात पुरल्या, कारण जाळल्यावर काय धूर होईल याचीही भीती वाटली.

तुझ्याजवळ १५० रुपये असतील तर बारा रंगांच्या मागं लागू नकोस. ओळखीच्या दुकानातून नाव-पत्ता असलेली एकच जांभळी किंवा मोरपंखी काजळ-पेन्सिल घे. पापणीवर ओढ, बोटानं पसरव, झाली आयशॅडो. मैत्रिणींबरोबर काजळ-पेन्सिल बदलून वापरू नकोस. डोळे आले की सगळ्यांचे येतात.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तान्ह्या पोळ्याला पहिली-दुसरीच्या मुलांना शंकर-पार्वती, नंदी असं सजवतो. घरी भाचीची उघडलेली रंगीत पेटी पडून आहे. मुलांच्या चेहऱ्याला ती वापरली तर?
— एक शिक्षिका, ता. वरुड

उत्तर : नको, बाई. एकाच पेटीतून वीस पोरांच्या चेहऱ्याला बोट लागणार, एकाचं नायटं सगळ्यांना. शिवाय पेटी उघडून किती दिवस झाले ते पाहा. मागं उघड्या डबीचं चित्र अन् त्यात १२ एम असं असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती संपवायची असते. आपल्याकडच्या दमट हवेत मी त्याआधीच टाकते.

शंकराला कपाळावर ओल्या भस्माचे तीन पट्टे, पार्वतीला हळद-कुंकवाचं बोट, पण कुंकू घरच्या हळदीचं असलं तरच. नंदी झालेल्या पोराच्या चेहऱ्याला काही लावू नका. पुठ्ठ्याची शिंगं करा, त्यांना खडू अन् डिंकाचा पांढरा हात मारा, वरून पोरांच्या आवडीचा रंग द्या अन् डोक्याला बांधा. शिंगं रात्रभर वाळू द्या, पावसाचे दिवस आहेत.